अंगारकी आणि पांढरा उंदीर

देवाची उपकरणी चिंचेनं निम्मी घासून झाली होती. समई, ताम्हन, पंचपात्री लखलखीत होऊन ओट्यावर पालथी घातली होती आणि निरांजनं, घंटा, अभिषेकाचं पात्र अजून काळवंडलेली परातीत पडली होती. तेवढ्यात दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला. भर दुपारी. किल्ली आम्हा तिघांकडेच असते. हे आत वामकुक्षीला पडले होते, म्हणजे वन्संच.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, हेमा. नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत आता पेठेतसुद्धा राहिली नाही, पण मला ती लग्नापासून जडली आणि त्यांनाही दुसरं काही चालत नाही. त्यांचा नेम असा, की कामावरून आल्या की कोणाशी न बोलता सरळ न्हाणीघरात जायचं. कपडे बादलीत, अंघोळ, मग चहा. उशीर झाला तरी ह्यात बदल नाही. त्या दिवशी मात्र त्या चपलांसकट आत आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या. माझे हात चिंचेचे. मी तशीच बाहेर आले.

"बरं वाटत नाही का, वन्सं?"

"मला काय धाड भरलीय. मेले ते उंदीर. मी धडधाकट आहे."

त्यांचं बोलणं असं असतं, त्यामुळे मी घाबरले नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा घाबरले.

वन्संची नोकरी उंदरांची आहे. गावाबाहेरच्या अंगाला एक संशोधन संस्था आहे, तिथल्या प्राणीगृहात त्या बी. एस्सी. झाल्या झाल्या लागल्या. औषधं माणसाला देण्याआधी ज्या उंदरांना देऊन पाहतात ते उंदीर जन्माला घालणं, वाढवणं, त्यांची कुळं वेगवेगळी राखणं आणि वेळ आली की त्यांना मारणं, हे काम. सासूबाई होत्या तोवर कोणी विचारलं की सांगायच्या, "आमची हेमा संशोधनात असते." लगेच आतून वन्सं म्हणायच्या, "संशोधन उंदरांवर होतं, आई. मी त्या उंदरांचं करते." त्यांच्या लग्नाचं पाहत होतो तेव्हा एक स्थळ सांगलीहून आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, नोकरीत नक्की काय काम असतं? वन्सं म्हणाल्या, "बाळंतपणं." त्या बाई खूश झाल्या, त्यांना वाटलं दवाखाना. "उंदरांची," वन्सं म्हणाल्या. पोहे संपवून मंडळी गेली ती गेलीच. पुढे विचारणंच थांबलं. आम्हीही नातेवाइकांत तो विषय फार काढत नसू. खरं सांगायचं तर आम्हाला त्या कामाची थोडी लाज होती, आणि ते वन्संना ठाऊक होतं.

प्राणीगृहात आत जायची त्यांची शिस्त सासूबाईंच्या सोवळ्याच्या वरताण. तिथे अंघोळ करून, धुतलेले कपडे, टोपी, मास्क, हातमोजे घालूनच उंदरांच्या खोलीत पाय टाकायचा. "इथे आपल्याला त्यांचं होऊ नये म्हणून नाही," त्या सांगत, "त्यांना आपलं होऊ नये म्हणून."

अवनी आमच्याकडे त्यांच्यामुळेच यायला लागली. ही तिथली पीएच.डी.ची मुलगी. घर खडकीला, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. शनिवारी अर्धा दिवस काम करून ती वन्संच्या बरोबर यायची आणि माझ्या हातचा वरणभात जेवून मग लोकलनं घरी जायची. एकदा पानावर बसली असताना तिचं लक्ष माझ्या दंडावरच्या वणाकडे गेलं. आमच्या वयाच्या सगळ्यांनाच तो आहे, लहानपणी देवीची लस टोचल्याचा. तिच्या पिढीला नाही.

"काकू, हात लावू?" असं विचारून तिनं तो बोटानं चाचपला. "मी ह्याच विषाणूवर काम करते."

मी हात मागे घेतला. वन्संना हसू आलं.

मग त्या दोघींनी मिळून मला समजावलं. माणसाच्या देवी जगातून गेल्या, पण त्या घराण्यातले भाऊबंद राहिलेत. गाईचे, माकडांचे, उंटांचे. लशीतला विषाणू त्यांतलाच एक गरीब स्वभावाचा. तो आणखी निवळवून कॅन्सरच्या गाठीत सोडला तर गाठ खाईल का, हे अवनी उंदरांवर पाहत होती. आणि उंदरांची स्वतःची अशीही एक देवी असते. पाय सुजतात, शेपटीवर खपल्या धरतात, कधी बोटंच झडून जातात.

मी सवयीनं हात जोडले.

"जोडू नका, वहिनी. ही कोणाचं ऐकत नाही," वन्सं म्हणाल्या. "पण तिचे उपकार आहेत. शरीर देवीशी कसं झुंजतं हे शास्त्रज्ञांना पुष्कळसं ह्या उंदरांच्या देवीवरून कळलं. एका कुळातले काळे उंदीर तिच्यातून तगतात, पांढरे मरतात. का, ह्या एवढ्याशा प्रश्नावर कित्येकांचा जन्म गेला."

"मग ती तुमच्याकडे आहे का?"

"शिव शिव म्हणा. आली तर दुकान बंद. एकदा ती अंगावरून गेली की उंदराला त्या सगळ्या घराण्याची ओळख होते. मग अवनीचा विषाणू त्याच्यात टिकायचाच नाही. म्हणजे जे मरतील ते गेले आणि जे जगतील ते बिनकामाचे."

हे एवढं मला समजलं होतं. म्हणूनच त्या दुपारी खुर्चीवर बसून "उंदीर मेले" म्हणाल्या तेव्हा त्या देवीबद्दलच बोलतायत हे मला कळलं. ती येऊन गेल्याला तसे काही दिवस झाले होते. दोन खोल्यांतले सगळे उंदीर, मेलेले, आजारी, ठणठणीत, सगळे मारावे लागले होते आणि ते काम वन्संनी स्वतःच्या हातानं केलं होतं, हेही मला माहीत होतं. त्या आठवड्यात त्या घरी फक्त ताक पीत होत्या. मला वाटलं होतं, हे दुःख आहे. ओसरेल.

"आज कमिटी बसली होती," त्या म्हणाल्या. "देवी दोन नंबरच्या खोलीतून अवनीच्या खोलीत गेली कशी, ते ठरवायला."

"मग ठरलं?"

"ठरलं. अवनीनं नेली."

आता इथे वन्संच्या चतुर्थीबद्दल लिहायला हवं. त्या संकष्टी करतात, कॉलेजात असल्यापासून. दिवसभर उपास, चंद्रोदयाला पूजा, मग जेवण. आणि संकष्टीला त्या उंदीर मारत नाहीत. गणपतीचं वाहन, म्हणून. त्या दिवशी तसलं काम निघालं तर त्यांचा सहकारी सौरभ करायचा आणि बदल्यात त्या त्याचं दुसरं काहीतरी करायच्या. हे त्या दोघांत परस्पर ठरलेलं. ह्यांनी एकदा थट्टा केली होती, "म्हणजे बाकीचे दिवस बाप्पा पायी फिरतो का गं?" वन्सं म्हणाल्या, "तू चातुर्मासात कांदा सोडतोस, दादा, आणि तो संपला की भज्यांवर तुटून पडतोस. तुझा कांदा, माझा उंदीर." मी मात्र त्यांच्या ह्या नेमाचं चारचौघींत कौतुक करत आले. असल्या कामात राहूनही बाईनं एवढं सांभाळलंय, म्हणायची.

प्रत्येक खोलीत एका पिंजऱ्यात काही पांढरे उंदीर नुसते राखणीला ठेवलेले असतात. बाकीच्या पिंजऱ्यांतला थोडा थोडा भुसा त्यांच्यात घालतात, म्हणजे कुठे रोग असला तर आधी त्यांच्यावर दिसतो. गेल्या अंगारकीला सकाळी दोन नंबरच्या खोलीत त्यातल्या एकाचा मागचा पाय सुजलेला वन्संना दिसला. शेपटीच्या बुडाशी एक खपली.

"असं दिसलं की लगेच डॉक्टर शेफालींना सांगायचं," त्या म्हणाल्या. डॉक्टर शेफाली म्हणजे प्राणीगृहाच्या प्रमुख, जनावरांच्या डॉक्टर. "त्या खोली बंद करतात. आणि तो उंदीर तिथल्या तिथे मारून तपासायला पाठवायचा. सौरभ रजेवर होता. म्हणजे मीच."

"आणि अंगारकी."

"अंगारकी. म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम हेच. एका दिवसानं काय होतंय. पिंजरा परत जागेवर ठेवला."

मी हातावरची चिंच पदराला पुसली.

"दुपारी अवनीचा फोन आला. ताई, दोन नंबरमधले काळे उंदीर माझ्या खोलीत न्यायचेत, तिथे सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ने." वन्संनी डोळे मिटले. "काळे उंदीर, वहिनी. अंगात असलं तरी दाखवत नाहीत ते. ती बिचारी बघूनबघून काय बघणार होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढरा उंदीर मरून पडला होता आणि त्याच्या शेजारचे पाठीला पोक काढून बसले होते. मग सगळं रीतसर झालं. पण त्यात आदला दिवस कोणालाच माहीत नव्हता.

"आज डॉक्टर शेफालींनी अवनीला विचारलं, उंदीर नेण्याआधी खोलीची चौकशी का केली नाहीस? अवनीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, करायला हवी होती, मॅडम. चुकलं."

"आणि तुम्ही?"

"मी पाण्याची बाटली उघडत होते," वन्सं म्हणाल्या.

अवनीच्या नावावर ठपका येणार होता आणि प्राण्यांवर काम करण्याची तिची परवानगी काढून घेणार होते. दुसऱ्या दिवशी अहवाल वर जायचा होता. परवानगी गेली की तिचं काम तिथेच संपलं, पुन्हा पहिल्यापासून करायलाही तिला कोणी उंदीर देणार नव्हतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, देव कधीकधी परीक्षा पाहतो.

"देवाला मध्ये आणू नका," त्या एकदम म्हणाल्या. "त्यानं नव्हतं सांगितलं. मला रक्ताच्या हातानं मोदक वळायचे नव्हते. मला माझे हात स्वच्छ हवे होते, एवढंच आहे ते."

त्या अंगारकीची आरती मला आठवली. वन्संचा आवाज काय मोकळा लागला होता. मी म्हटलंही होतं त्यांना, आज अगदी मनापासून झाली हो पूजा. खुर्चीवर बसलेल्या त्यांच्याकडे पाहताना ते शब्द माझ्याच तोंडात कडू झाले.

चहाला हे उठले. वन्संनी त्यांनाही सगळं सांगितलं, काही न गाळता. ह्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला आणि मग बोलले.

"तुझी निवृत्ती जवळ आली, हेमा."

"आली."

"मग गप्प बस. पोरगी तरुण आहे. अजून दहा ठिकाणं मिळतील तिला."

"मिळतील. प्रत्येक ठिकाणी आधी हा कागद पोचेल."

"बरं, सांगितलंस समज. काय सांगणार? अंगारकी होती म्हणून उंदीर मारला नाही? हसतील लोक. एवढी शिकलेली बाई आणि हे कारण. शिवाय आपल्या देवाचीही चेष्टा."

"तेच तर आहे, दादा." वन्संचा आवाज खाली गेला. "चुकले म्हणायला मला काही वाटत नाही. का चुकले, ते सांगायची लाज वाटते. तिथे तो सौरभसुद्धा शनिवारी मारुतीला जातो, पण लपून."

आणि ह्या जागी मी बोलले. मला वाटलं, मुलगीही वाचावी आणि आमच्या देवाचं नावही त्या कचेरीत निघू नये. मी म्हटलं, "वन्सं, दिसला म्हणा, पण तुम्हाला तो दुसऱ्या उंदरानं चावल्याचा घाव वाटला, असं सांगा ना. तेवढ्यानं भागेल."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपल्याच माणसाकडे बघावं आणि ओळख पटू नये, तसं.

"चावा मला ओळखू येतो, वहिनी," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा?"

मी कप उचलून आत गेले. नळ सोडला आणि उगाच धुतलेले कप पुन्हा धुतले. रोज देवासमोर बसून खरं बोलायची बुद्धी दे म्हणणारी मी, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते खोटं. तेही देवाची अब्रू राखायला. त्या संध्याकाळी दिवा लावताना मला वर बघवेना.

सकाळी वन्सं नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. डबा घेतला नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. हे म्हणाले, "बघ हं हेमा, विचार कर." त्या म्हणाल्या, "केला. तोच नडला मागच्या वेळी."

परत आल्या त्या वेळेवर. सरळ न्हाणीघरात. ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. मी शेंगा सोलत होते. त्याही सोलायला लागल्या.

"सांगितलं," म्हणाल्या. "सगळं. चावाबिवा नाही."

"हसले का हो?"

"डॉक्टर शेफाली हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, हेमाताई, इतकी वर्षं चतुर्थीला तुमचं काम दुसरं कोणीतरी करतंय, हे मला का माहीत नाही? काय सांगणार? म्हणाल्या, उपास करा, पूजा करा, त्या दिवशी रजा घ्या, मी देईन. पण हजर असाल तर अर्ध्या हजर राहू नका."

ह्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. मला लागलं तर वन्संना किती लागलं असेल.

अवनीवरचा ठपका निघाला. परवानगी राहिली. वन्संना उंदरांच्या आतल्या खोल्यांतून काढलं. तिथे आता सौरभ बघतो. त्यांना बाहेरच्या क्वारंटाइनच्या खोलीवर टाकलंय, म्हणजे नवीन उंदीर आले की आधी जिथे वेगळे ठेवून तपासतात तिथे. कागदावर तशी नोंद झाली.

"आणि अवनी?" मी विचारलं. "तिला बरं वाटलं असेल. तुमच्यासाठी बिचारीनं स्वतःवर घेतलं होतं."

वन्संच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तिला पॅसेजमध्ये गाठून म्हटलं, तू माझं नाव घेतलं नाहीस, तुझे उपकार कसे फेडू. ती म्हणाली, ताई, मी तुम्हाला वाचवायला गप्प नव्हते. मला वाटलं तुम्ही बोलाल. मी थांबले होते."

त्या दिवशी घरात लागणार होत्या त्याच्या दुप्पट शेंगा सोलून झाल्या.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या टेबलावर दुर्वांची जुडी ठेवली होती. कोणी ते कळलं नाही आणि त्यांनी शोधलंही नाही. ती त्यांनी पिशवीत घालून घरी आणली. "घ्या, वहिनी. निवडलेल्या आहेत. टोमणासुद्धा नीट एकवीसचा मारलाय." मला ती देवाला वाहवेना आणि टाकवेना. पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. पिवळी पडेपर्यंत ती तिथेच होती, आणि येताजाता आम्ही तिघंही तिच्याकडे न बघता जात होतो.

शनिवारी मी सवयीनं भात जास्त टाकला. अवनी आली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. वन्सं म्हणाल्या, "भांडली असती तर आली असती." कामावर ती त्यांच्याशी बोलते. कामापुरतं, नीट, अहोजाहो करत. पूर्वी "ताई, तुम्ही ना" म्हणून त्यांच्या खांद्याला धरायची ते गेलं. वन्संनी दोनदा तिच्यासाठी चकल्या नेल्या. तिनं थँक्यू म्हणून घेतल्या आणि सगळ्यांत वाटल्या.

मी वन्संना विचारलं होतं, आता पुढच्या संकष्टीचं काय. "रजा टाकलीय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी उपास केला, पूजा केली, आरती मात्र मला म्हणायला सांगितली. मी म्हटली. मधल्या एका कडव्याला माझे शब्द चुकले. ह्यांनी पुढचं उचललं.

अवनीचं काम पहिल्यापासून सुरू व्हायचं आहे. तिच्यासाठी हैदराबादेहून नवे काळे उंदीर मागवलेत. ते आधी वन्संच्या खोलीत उतरणार आणि तिथून त्यांनी 'ठीक आहेत' म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. ह्या वेळी ते लिहून, सही करून द्यायचं आहे, फोनवर नाही. वन्संनी ती खोली स्वतः धुतली, भिंतीसुद्धा. उंदरांना दिवस आणि रात्र सारख्याच तासांची लागते, दिवे ठरल्या वेळी आपोआप लागायला आणि विझायला हवेत. ते करणारा तिथला टायमर बंद पडलाय. संस्थेच्या मागणीपत्रावर तो यायचा तेव्हा येईल. डॉक्टर शेफाली म्हणाल्या, बाहेरून आणलात तरी चालेल.

उंदीर सोमवारी येतायत. आज संध्याकाळी वन्सं बुधवार पेठेतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत जाऊन टायमर आणणार आहेत.